जुन्या भिंतीवर नवा शॉवर: कामाचा क्रम आणि तो कुठे चुकतो

ठाण्यातलं नौपाडा, चरई, पाचपाखाडी किंवा वाशीतल्या जुन्या सिडको इमारती, कुठेही जा, बाथरूमचं काम बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होतं. आधी टाइल पसंत होते, मग डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा नळ) येतो, गवंड्याला तारीख दिली जाते, आणि भिंत कशाची आहे हे पहिला हातोडा पडल्यावर कळतं. तोवर टाइलची खोकी जिन्यात येऊन पडलेली असतात. सहा महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते आणि दोष टाइलच्या सांध्यांवर ढकलला जातो. खरी चूक बहुधा टाइलच्या मागच्या थरांत कुठेतरी असते, आणि ती साहित्याची नसून क्रमाची असते.

इथे धरलेलं बाथरूम ४ फूट बाय ६ फुटांचं, विटांच्या भिंतीचं आणि गिलाव्यावर जुन्या टाइल असलेलं आहे. तुमची मापं वेगळी असतील तर आकडे त्या प्रमाणात बदला. क्रम बदलू नका.

१. तोडण्याआधी: ओल कुठून येते ते ठरवा

नवा शॉवर बसवूनही जुनी ओल तशीच राहिली तर पैसे पाण्यात गेले म्हणायचे. म्हणून आधी आठवडाभर नुसतं निरीक्षण करा.

डाग फक्त जून ते सप्टेंबरात दिसत असेल तर पाणी बाहेरून येतं. बाहेरच्या गिलाव्याला भेग असते किंवा खिडकीच्या सज्जाचा सांधा उघडलेला असतो. आतून कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी तो डाग जाणार नाही.

डाग बारमाही असेल आणि आंघोळीनंतर तासाभरात गडद होत असेल तर दोष लादीत, नहाणी ट्रॅपमध्ये (लादीच्या जाळीखालचं, वास अडवायला पाणी धरून ठेवणारं भांडं) किंवा सांडपाण्याच्या नळीत असतो.

बाथरूम दोन दिवस बंद ठेवूनही डाग ओलाच राहिला तर दाबाच्या पाण्याची नळी भिंतीत गळते आहे. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, नळ्यांत हे फार होतं. नळी आतून गंजते आणि आटे जिथे कापलेले असतात तिथे आधी सुटते.

सोसायटीकडे अर्ज द्या, कामाच्या वेळा विचारा आणि वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोण बंद करतं ते पक्कं करा. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला रचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे, तो अहवाल मागून वाचा. इमारत सी-१ वर्गात, म्हणजे अतिधोकादायक, असेल तर बाथरूमचा विषय तिथेच संपला. पुनर्विकासाची बोलणी पुढे गेली असतील तर गळती थांबवण्यापुरतं काम करा, काचेचं पार्टिशन आणि बड्या शॉवरवर खर्च घालू नका.

खालच्या घराशी आधीच बोलून ठेवा. "काकू, आमच्या बाथरूमचं काम काढतोय. पाणी भरून ठेवू तेव्हा तीन दिवस रोज सकाळी पाच मिनिटं तुमचं छत बघायला येऊ का?" एवढं पुरतं. त्याच भेटीत त्यांच्या छताचे आणि कोपऱ्यांचे तारीख दिसणारे फोटो घ्या. काम झाल्यावर "हा डाग जुना की नवा" या वादात हे फोटो कामी येतात.

छत बघताना आणखी एक गोष्ट टिपा. तुमच्या सांडपाण्याच्या नळ्या त्यांच्या छताखाली लटकताना दिसत असतील तर तुमचा स्लॅब सपाट आहे, सनकन (खोलगट) नाही. बाथरूमखालचं छत फूटभर खाली उतरलेलं असेल तर सनकन आहे, म्हणजे तुमच्या लादीखाली ९ ते १२ इंचांचा भराव आहे.

२. गिलावा ओळखा

ठाण्यातल्या जुन्या, भारवाही भिंतींच्या (खांब नसलेल्या, भिंतीच छत पेलतात अशा) घरांत चुन्याचा गिलावा सापडतो. नंतरच्या आरसीसी इमारतींत सिमेंटचा असतो. मधल्या काळात कुणी डागडुजी केली असेल तर एकाच भिंतीवर दोन्ही. आणि हल्लीच्या नूतनीकरणात टाइलच्या वरच्या भागात जिप्समचाही थर असतो.

ओळखायला टाइलच्या वरची उघडी भिंत घ्या. ३ इंची खिळा हाताने दाबून फिरवा. सिमेंटवर फक्त राखाडी ओरखडा उठतो. चुन्यात खिळा आत शिरतो आणि पांढरट भुकटी पडते, सुरखी (विटेची पूड) घातलेली असेल तर ती गुलाबीसर असते. जिप्सम पांढराशुभ्र निघतो आणि ओला केल्यावर नखाने खरवडता येतो.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंत दर सहा इंचांवर वाजवा. भरीव गिलावा "टक" वाजतो, सुटलेला "डब". डब वाजेल तिथे खडूने गोल करा. एका भिंतीवर असे गोल चार-पाचहून जास्त झाले तर तिथला गिलावा वाचवायचा विचार सोडा.

शॉवरच्या ओल्या भागातला गिलावा विटेपर्यंत काढावाच, तो कितीही चांगला वाजला तरी. जुन्या टाइल निघताना त्याला हादरे बसतातच, आणि चाळीस वर्षांच्या साबणपाण्याने भिजलेल्या थरावर नव्या टाइलचा भार टाकण्यात अर्थ नाही. जुन्या टाइलवरच नव्या चिकटवायचा सल्लाही मिळेल. कोरड्या स्वयंपाकघरात ते एक वेळ चालेल, शॉवरमध्ये नाही. आतली गळती झाकली जाते एवढंच.

सावधान: भिंतीलगत किंवा डक्टमध्ये (नळ्या जातात त्या उभ्या पोकळीत) राखाडी, सिमेंटसारखी दिसणारी जुनी नळी असेल तर ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. तिला ग्राइंडर लावू नका, फोडू नका. तिला हात लावणं भागच असेल तर हे काम माहीत असलेला माणूस बोलवा.

३. माल मोजा, पण फक्त मोजा

खरेदी भिंत उघडल्यावर. हिशेब मात्र आत्ताच करून ठेवा.

भिंती: चारही बाजू मिळून २० फूट, गुणिले ७ फूट उंची, म्हणजे १४० चौरस फूट. दार (अडीच बाय ७) आणि खिडकी (२ बाय २) वजा केली की साधारण ११८ उरतात. तुटफूट धरून १० टक्के वाढवा, १३० झाले. ३०० बाय ६०० मिलीमीटरची एक टाइल जेमतेम १.९४ चौरस फूट भरते, म्हणजे ६७ टाइल. लादी २४ चौरस फूट, वाढवून २७, म्हणजे ३०० बाय ३०० च्या २८ मॅट टाइल. सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची घ्या, क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. चार टाइल पुढच्या दुरुस्तीसाठी माळ्यावर ठेवून द्या, तीच टाइल तीन वर्षांनी मिळत नाही.

टाइल अॅडहेसिव्ह: ३ ते ४ मिलीमीटर थराला २० किलोची पिशवी साधारण ४५ चौरस फूट जाते, म्हणून ४ पिशव्या. पिशवीवर आयएस १५४७७ (अॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप लिहिलेला असतो. साध्या सिरॅमिकला कमी टाइप चालतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, तिला पॉलिमर असलेला वरचा टाइप लागतो. टाइलच्या खोक्यावरची शिफारस बघूनच घ्या.

वॉटरप्रूफ कोटिंग: लादी २४, चारही बाजूंना फूटभर वर २०, शॉवरच्या दोन भिंती (मिळून ७ फूट रुंद) आणखी ५ फूट वर, म्हणजे ३५. एकूण ८० चौरस फुटांच्या आसपास. दोन हातांना १२ ते १५ किलो लागतं.

भिंत चुन्यातल्या बांधकामाची निघाली तर ६०० बाय १२०० च्या जड टाइलचा मोह आवरा. ३०० बाय ४५० किंवा ३०० बाय ६०० ची सिरॅमिकच बरी.

४. तोडफोड

क्रम: पाणी बंद, वीज बंद, नळ-गीझर काढणं, मग वरून खाली टाइल, शेवटी लादी.

हातोडा उचलण्याआधी ७ फूट २ इंचांवर लेव्हलच्या नळीने आडवी रेघ मारा आणि ग्राइंडरने गिलाव्याच्या जाडीइतकी चीर पाडा. ही चीर नसेल तर चुन्याचा गिलावा खालून सुटत छतापर्यंत जातो आणि बाथरूमबरोबर अर्ध्या घराचं प्लास्टर करावं लागतं. पंधरा मिनिटांचं काम आहे, बहुतेक गवंडी ते टाळतात.

भिंतीला छिन्नी-हातोडा किंवा छोटं चिपिंग मशीन चालेल. मोठा ब्रेकर जुन्या स्लॅबवर चालवू देऊ नका. त्याने खालच्या घराचं छत सोलतं आणि अर्ध्या विटेची भिंत, म्हणजे साडेचार इंची, सांध्यातून हलते. सनकनमधला भराव काढताना शेवटचे दोन इंच हातानेच काढायचे.

नहाणी ट्रॅपच्या तोंडात सर्वांत आधी गोणपाटाचा बोळा घट्ट बसवा आणि त्यावर प्लास्टिक बांधा. आत पडलेला एक विटेचा तुकडा सगळ्या मजल्यांची लाइन तुंबवतो.

डेब्रिज किती निघतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. भिंतीवरचा टाइल-गिलाव्याचा थर दीड इंच धरला तरी पाऊण टनाच्या पुढे जातो, आणि फूटभर सनकनचा भराव जवळपास एक टन. म्हणजे ३० किलोच्या साठेक गोण्या. त्या गॅलरीत किंवा एका खोलीत रचून ठेवू नका, जुन्या स्लॅबला हा भार झेपेलच असं नाही. रोजच्या रोज खाली न्या आणि परवानगी असलेल्या वाहनानेच पाठवा. नाल्याकाठी किंवा खाडीच्या कडेला टाकलं तर दंड होतो.

तपासणी: स्लॅब उघडा पडल्यावर गंजलेली सळई दिसली, काँक्रीट हाताने सुटू लागलं किंवा खालून उजेड आला तर काम थांबवा. गवंड्याकडून सिमेंट थापून घेणं हा उपाय नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गंज घासून, सळईला गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरून मगच पुढे जा.

५. नळ्या: दाबाच्या आणि सांडपाण्याच्या

नळ्यांचं काम वॉटरप्रूफिंगच्या आधी पूर्ण व्हायला हवं, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. "तो एक पॉइंट नंतर काढू" असं प्लंबर म्हणाला तर "आत्ताच" म्हणा. नंतर मारलेली झिरी (नळीसाठी भिंतीत कोरलेली खाच) कोटिंग फाडते.

आधी पाण्याचा दाब बघा. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. मिनिटभरात भरत नसेल तर ८ इंची रेन शॉवर घेऊ नका, त्यातून फक्त ठिबकतं. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीची उंची जेमतेम ३ मीटर असते, म्हणजे दाब फक्त ०.३ बार. तिथे साधा शॉवर किंवा टाकीनंतर बसवलेला छोटा प्रेशर पंप, एवढेच पर्याय. पालिकेच्या लाइनवर थेट पंप लावणं बेकायदा आहे.

जुनी जीआय लाइन डक्टमधल्या उभ्या नळीपर्यंत बदला. अर्धी जीआय, अर्धी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची नळी) ठेवली की गंजाची पापडी सुटून नव्या डायव्हर्टरच्या जाळीत अडकते. मुख्य लाइन पाऊण इंची, फाटे अर्धा इंची, गरम-गार दोन्ही सीपीव्हीसी. जोडाला नळी काटकोनात कापा, आतली कड साफ करा, सोल्व्हंट सिमेंट दोन्ही बाजूंना लावा, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा. जुन्या आट्याला जोडताना पितळी आट्याची फिटिंग वापरा. प्लास्टिकचे आटे लोखंडावर आवळले की तडकतात.

उंची तयार लादीपासून मोजा, उघड्या स्लॅबपासून नाही:
शॉवरचा पॉइंट ६ फूट ९ इंच ते ७ फूट
डायव्हर्टर ४० ते ४२ इंच
बादलीचा नळ २४ ते २७ इंच
गरम डावीकडे, गार उजवीकडे. भिंतीवरचा मिक्सर असेल तर दोन पॉइंटमधलं अंतर ६ इंच.

आता डायव्हर्टरची खोली. इथे सर्वाधिक चुका होतात. डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकची टोपी असते आणि तिच्यावर किमान-कमाल अशा दोन रेघा. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा. बॉडी बसवताना भिंत मात्र उघडी वीट असते. म्हणून विटेपुढे येणारी जाडी जोडा: गिलावा १५ मिलीमीटर, कोटिंग २, अॅडहेसिव्ह ४, टाइल ९, एकूण ३०. टाइलचा एक तुकडा ३० मिलीमीटर पुढे धरून बघा, टोपीच्या रेघा कुठे येतात ते लगेच दिसतं. बॉडी खोल गेली तर हँडल बसत नाही, बाहेर राहिली तर कव्हरप्लेट भिंतीला टेकत नाही आणि तिच्यामागून पाणी शिरतं. टोपी टाइलचं काम संपेपर्यंत काढायची नाही.

साडेचार इंची भिंतीत खोल बॉडी शक्यतो घालू नका. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी लांब झिरी तर टाळाच. भिंत पातळ असेल तर बाहेरून दिसणारा वॉल मिक्सर घ्या. दिसायला साधा, पण दुरुस्तीला टाइल फोडावी लागत नाही. जुन्या इमारतीत आमचं मत यालाच.

सांडपाणी: नहाणी ट्रॅपमध्ये किमान ५० मिलीमीटर पाणी उभं राहायला हवं, नाहीतर वास येतो. ट्रॅप दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात, पायाखाली येणार नाही असा. जुन्या बिडाच्या नळीला नवी पीव्हीसी जोडताना नुसतं सिमेंट थापलेला सांधा वर्षभरात सुटतो, योग्य मापाचं रबरी जोड-कपलिंग लावा. स्लॅबमधून किंवा भिंतीतून नळी जाते तिथली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. खालच्या घरातली बरीच ओल या एका बोटभर फटीतून उतरते.

तपासणी: जोड लावून २४ तास गेल्यावर सगळी तोंडं बुच लावून बंद करा आणि हातपंपाने ७ ते १० किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब भरा. काटा दोन तास हलता कामा नये. टाकीचं पाणी सोडून "बघा, गळत नाही" म्हणणं ही चाचणी नव्हे. हे झालं की प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो घ्या, पुढे ड्रिल मारताना नळी कुठे आहे ते त्यातूनच कळेल.

वीज: गीझरला ४ चौरस मिलीमीटरची स्वतंत्र वायर, डबल पोल एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या घरात अर्थिंग असतंच असं नाही, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. वायरची नळी आत्ताच भिंतीत जाऊ द्या.

६. नवा गिलावा

विटांचे सांधे १० ते १२ मिलीमीटर खोल कोरून काढा. चुना भुसभुशीत झाला असेल तर घट्ट लागेपर्यंत. तारेच्या ब्रशने घासा, आदल्या रात्री भिंत भिजवा. सकाळी ती दमट हवी, पण पाणी ओघळत नको. मग एक भाग सिमेंट, दीड ते दोन भाग रेती असा पातळ माल भिंतीवर फेकून खडबडीत थर द्या आणि २४ तास तसाच ठेवा. यावरून हात फिरवायचा नाही, त्याचा खडबडीतपणाच पुढचा गिलावा धरतो.

सिमेंटमधल्या विटेवर १:४ चा गिलावा. चुन्यातल्या मऊ भिंतीवर मात्र इतका कडक माल देऊ नका. तो आकसताना मऊ पाठीला सोबत ओढतो आणि टाइलसकट अख्खी पाटी सुटते. तिथे सिमेंट, चुना, रेती १:१:६, आणि आत खिळ्या-वॉशरने विटेला पक्की ठोकलेली जाळी. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथेही सहा इंच रुंद जाळीची पट्टी.

एका वेळी १२ ते १५ मिलीमीटर. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात, वर-खाली इंच-दीड इंचाचा फरक सहज निघतो. तो एकाच जाड थराने भरला तर थर स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. दोन थरांत भरा, मध्ये एक दिवस जाऊ द्या.

रेती: क्रश सँड चाळून घ्या. खाडीची न धुतलेली रेती स्वस्तात मिळाली तरी नको. तिच्यातल्या मिठाने पुढे सांध्यांवर पांढरी फुलं उमलतात.

वरून नुसत्या सिमेंटचा हात मारून भिंत गुळगुळीत करायची गवंड्यांना सवय असते. त्यांना आधीच सांगा, लाकडी रंध्याने खरखरीतच सोडा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.

तपासणी: ६ फुटी पट्टी उभी, आडवी, तिरकी लावा. मागे ३ मिलीमीटरहून जास्त फट दिसली तर ती आत्ताच दुरुस्त करा. अॅडहेसिव्हच्या थराने खड्डे भरायचे नसतात.

७. वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी

सनकन असेल तर काम दोनदा होतं: एकदा खाली स्लॅबवर, एकदा भरावावर. खालचा थर देऊन, त्याची पाण्याची चाचणी घेऊन, मग वीटतुकड्यांचा कोबा, म्हणजे सिमेंटच्या मालातला भराव. वीटतुकडे भिजवून घ्या, कोरडे टाकले तर ते मालातलं पाणी शोषतात. खालच्या तळाला डक्टकडे जाणारी एक छोटी नळी ठेवली तर भरावात साचलेलं पाणी बाहेर पडतं आणि वर काही बिघडलं की डक्टमध्ये थेंब दिसून आधीच कळतं.

पातळी वरून खाली मोजा. तयार लादी दाराबाहेरच्या लादीपेक्षा इंचभर खाली हवी. त्यातून टाइल, अॅडहेसिव्ह आणि संरक्षक थर वजा करा, उरते ती कोटिंगची पातळी. उतार कोब्यातच द्या, दर मीटरला १५ मिलीमीटर, म्हणजे ६ फुटांत इंचभर. वरच्या लादीला उतार आणि खालचं कोटिंग सपाट असेल तर आत शिरलेलं पाणी तिथेच मुरत राहतं.

भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात मालाची गोलाई काढा, कारागीर हिला वाटा म्हणतात. काटकोनात कोटिंग नेमकं कोपऱ्यात पातळ पडतं आणि तिथेच तडकतं. गोलाईवर आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी पहिल्या हातात दाबून बसवा. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये ४ ते ६ तास. पावसाळ्यात दुप्पट धरा, बोटाला चिकट लागतंय तोवर दुसरा हात नाही. कोटिंग ट्रॅपच्या कडेवरून आत उतरलं पाहिजे, कडेपाशी थांबता कामा नये. दाराच्या उंबऱ्याखालूनही न्या, ही जागा हमखास विसरली जाते आणि बेडरूमच्या लादीखाली पाणी जातं.

कोटिंग पिशवीवर दिलेले दिवस सुकू द्या, मग चाचणी. ट्रॅपला बुच, दारात विटेची तात्पुरती पाळ, सर्वांत उंच जागीही २ इंच पाणी उभं राहील इतकं भरा. पाण्याच्या रेघेवर भिंतीला चिकटपट्टी लावा. त्याच बाथरूममध्ये पाण्याने भरलेली एक बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. ४८ ते ७२ तासांनी दोन्ही खुणा बघा. बादलीतलं पाणी जितकं उतरलं तितकंच जमिनीवरचं उतरलं असेल तर ती वाफ. जमिनीवरचं जास्त उतरलं तर गळती, खालचं छत कोरडं दिसत असलं तरी.

सावधान: चाचणीत पास झालेल्या कोटिंगवर चपला घालून, शिडी ठेवून, टाइल कापत काम सुरू होतं आणि ते लगेच भोसकलं जातं. पाणी काढलं त्याच दिवशी त्यावर २० मिलीमीटरचा संरक्षक थर टाका.

८. टाइल

क्रम ऐका: भिंतीची दुसरी ओळ, मग वर, मग लादी, सर्वांत शेवटी भिंतीची पहिली ओळ. दुसऱ्या ओळीखाली लेव्हलमध्ये लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर टाइल उभ्या करायच्या. पट्टीचे खिळे गिलाव्यात जेमतेम रुतावेत आणि शॉवरच्या दोन भिंतींवर खिळे नकोत, तिथे खालून विटा लावून आधार द्या. पहिली ओळ शेवटी बसली की ती लादीच्या वर येते आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता लादीवर उतरतं.

अॅडहेसिव्ह भिंतीवर ६ ते ८ मिलीमीटर दात्यांच्या थापीने ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. पाच ठिपके लावून टाइल ठोकण्याची पद्धत शॉवरमध्ये चालत नाही. ठिपक्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं, वास येतो आणि स्टँडसाठी भोक पाडताना टाइल तडकते. दर तासाला एक ताजी टाइल उपटून पाठ बघा, नव्वद टक्क्यांहून जास्त माखलेली हवी. अॅडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवत ठेवू नका. ती सवय साध्या सिमेंटच्या कामाची.

कामगाराने सकाळी कालवलेला माल दुपारी पाणी घालून पुन्हा सैल केला तर तो घमेल्यासकट फेकायला लावा. एकदा आवळलेला माल पुन्हा चिकटत नाही.

सांधा २ मिलीमीटर, स्पेसर लावूनच. टाइल टाइलला चिकटवून लावली की ग्राउट आत जात नाही. २४ तासांनी शॉवरच्या भागात इपॉक्सी ग्राउट, बाकी ठिकाणी सिमेंटचा चालेल. पांढरं सिमेंट नको, ते सहा महिन्यांत काळं पडून झडतं. इपॉक्सीचे दोन भाग पाकिटात दिले तितकेच मिसळा, एका वेळी थोडं कालवा आणि टाइलवरचा चिकटा वाळण्याआधी पुसा, मग तो निघत नाही. भिंत-भिंत आणि भिंत-लादी या कोपऱ्यांत मात्र ग्राउट भरू नका, बुरशीरोधक सिलिकॉन भरा. दोन बाजू वेगवेगळ्या हलतात, कडक ग्राउट तिथे फुटतो.

तपासणी: लादीवर मगभर पाणी चार कोपऱ्यांतून ओता. ते कुठेही न थांबता ट्रॅपकडे गेलं पाहिजे. थांबत असेल तर ग्राउट भरण्याआधीच ती टाइल काढून परत बसवा.

९. शेवटची जोडणी

डायव्हर्टरची प्लेट आणि शॉवर आर्मचं गोल झाकण बसवताना त्यांच्या मागे, वरच्या बाजूला सिलिकॉनची कड द्या. खालची बाजू थोडी उघडी ठेवा, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी बाहेर दिसेल. साबणाचं स्टँड, कपड्यांचा दांडा यांच्या भोकांत आधी सिलिकॉन, मग प्लग. ओल्या भागात लादीपासून फूटभर उंचीपर्यंत एकही भोक नको.

काचेचं पार्टिशन ८ ते १० मिलीमीटर टफन्ड. त्याची खालची पट्टी स्क्रूने लादीत ठोकू नका, सिलिकॉनवर बसवा. तळाच्या कोटिंगला भोक पडण्याचं हे शेवटचं आणि अगदी नेहमीचं ठिकाण.

जोडणी झाल्यावर आधी शॉवर न लावता नळीतून पाच मिनिटं पाणी सोडा, मग जाळी काढून धुवा. गीझर पाणी भरल्याशिवाय चालू करू नका. पार्टिशनचं सिलिकॉन २४ तास आणि इपॉक्सी साधारण सात दिवस मुरू द्या, तोवर आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये किंवा शेजाऱ्यांकडे.

एकूण दिवस किती? तोडफोड २ ते ३, नळ्या आणि दाबाची चाचणी ३, गिलावा आणि पाणी मारणं ९, कोटिंग, सुकणं आणि पाण्याची चाचणी ७ ते ८, टाइल-ग्राउट ४. सनकन असेल तर वर आणखी आठवडा. दहा दिवसांत करून देतो म्हणणारा ठेकेदार यातला कोणता टप्पा गाळणार आहे, ते काम देण्याआधी विचारून घ्या. काम शक्यतो ऑक्टोबर ते मे यातच काढा, आणि पहिला पावसाळा संपला की एकदा खालच्या काकूंचं छत बघून या.